दोन पसे कोंडा

नाकाच्या शेंड्यावर कोंड्याचा एक कण बसला होता — माशी बसावी तसा, पण माशीला निदान उडायची अक्कल असते — आणि सुपचंदचे दोन्ही हात डोक्यावरच्या सुपाला धरलेले, त्यामुळे तो नाक कधी डावीकडे वाकडं करी, कधी उजवीकडे, खालचा ओठ पुढे काढून वर फुंकर मारी, आणि समोरून कुणी येत असतं तर त्याला नक्की वाटलं असतं की हा एवढा घोडा झालेला माणूस आपल्याला वेडावतो आहे. सुदैवानं बोडीच्या पाळीवर कुणी नव्हतं. चैत लागला होता, तळ्यातलं पाणी मागे सरकून मधोमध गोळा होऊन बसलं होतं, पलीकडच्या झाडांतून मोहाचा गोड वास येत होता, आणि वारा असा खट्याळ की सुपातला कोंडा चिमूट चिमूट उचलून त्याच्या मागं उधळत होता. ही माझी किंमत आहे, त्याला वाटलं, आणि ती वाटेवर सांडते आहे. देवकाबाईच्या दारापर्यंत पोचता पोचता मी किती स्वस्त होणार कोण जाणे…

झाकून न्यायचा त्याचा विचार होता. निघताना त्यानं सुपावर दुपट्टा टाकलाही होता, पण धुरपतानं तो सर्रकन ओढून घेतला. "झाकून कायले नेता? चोरीचा माल हाय का?" ती म्हणाली. बायकोचं म्हणणं रीतीला धरूनच होतं — उघड्या सुपात, उघड्या रस्त्यानं, चारचौघांना दिसेल असं न्यायचं असतं ते — पण रीत ज्यांनी बसवली त्यांच्या डोळ्यांपुढे सोडवायला निघालेला बाप होता. आपण स्वतःलाच सोडवायला आपलीच किंमत डोक्यावर घेऊन, मिशा पिकायला लागल्यावर, निघू… हे त्यांच्या डोक्यात कसं येणार? हे कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. हे सगळं झालं त्या साळवे पाद्र्यामुळे.

पाद्री नगरकडचे. देवरीच्या बाजारात भाषण करायला आले की सुपचंदच्या सपरीत, पुढच्या पडवीत, उतरत, कारण गावात चौथी शिकलेला आणि रिकामा बसून बोलायला तयार असलेला असा माणूस तोच. त्यांची भाषा इतकी स्वच्छ की ऐकताना पाय धुवून बसावंसं वाटे. गेल्या बाजाराच्या दिवशी ते आले ते उतरलेल्या तोंडानंच.

"सुपचंदराव, मला एक शब्द हवा आहे. इथला. साधा," ते म्हणाले. "आमच्या शास्त्रात मूळ ग्रीक शब्द आहे — अपोलुत्रोसिस."

"कोनाले झाला जी?" धुरपतानं आतून काळजीनं विचारलं.

"रोग नव्हे बाई, औषध आहे ते." पाद्री हसले नाहीत, इतके दुःखात होते. "मुक्ती म्हटलं की लोक हात जोडतात आणि उठून घरी जातात. उद्धार म्हटलं की त्यांना वाटतं, पंचवार्षिक योजनेचे साहेब आले. तारण म्हटलं, तर एक आजोबा घाबरून म्हणाले, माझी जमीन मोकळी आहे, मी कुठं अंगठा दिलेला नाही."

मग त्यांनी दोन्ही मुठी पुढे धरून तो शब्द फोडून दाखवला. त्या जुन्या देशांत माणसं विकली जात. विकलेल्या माणसाची किंमत कुणीतरी मोजायची — ते लुत्रॉन. आणि मग त्या माणसानं मालकापासून सुटून निघून जायचं — ते अपो. दोन्ही मुठी पाहिजेत, पाद्री म्हणाले. किंमत दिली आणि माणूस तिथंच राहिला, तर तो शब्द नाही. किंमत न देता पळाला, तर तोही नाही.

"हे तं आमच्या इथं कोंड्यावर होते जी," सुपचंद म्हणाला.

सहज म्हणाला. कुणी पाऊस विचारला असता तर पाऊस सांगितला असता, तसं. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिचं नवं लेकरू सुपात घालून दाईला विकायचं, मूठभर कोंड्यावर. म्हणजे मरण जेव्हा दारात येऊन विचारतं, या बाईचं लेकरू कुठं आहे, तेव्हा त्याला सांगता येतं — हिला कुठं लेकरू? हे दाईचं, कोंड्यावर घेतलेलं. आणि कोंड्यावर घेतलेल्या मालाला मरण काय हात लावणार, त्यालाही काही इभ्रत असते. लेकरू वाढतं आईजवळच, दूध तिचंच पितं, मार बापाचाच खातं, पण मालकी दाईची. लग्न ठरलं की बापानं सुपात कोंडा घेऊन जायचं, दाईच्या पुढ्यात ठेवायचा, पोराच्या डोक्याला हात लावायचा, आणि दाईनं म्हणायचं — सुटला.

पाद्री ताडकन उठले. सपरीचा आडवा बल्ला त्यांच्या उंचीच्या मानानं खाली होता, तो त्यांच्या कपाळाला असा लागला की शेजारचा बैल हंबरला, पण त्यांचं लक्षच नाही. कपाळावर टेंगूळ चढतंय आणि खाली माणूस आनंदानं हसतोय, असा देखावा.

"म्हणजे आपण — आपलं नावच — सुपचंदराव, आपण सोडवून घेतलेले आहात! मला जे सांगता येत नव्हतं ते माझ्यासमोर बसलेलं आहे! केव्हा सोडवलं आपल्याला?"

सुपचंदनं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याला स्वतःच्या लग्नाआधीचा तो दिवस आठवला.

…हळद लागली होती. अंगाला चिकटलेलं धोतर, आणि पुढं बाप, डोक्यावर सूप, पोटात मोहाची इतकी की पाय एकमेकांना ओळखत नव्हते. त्या दाईचं, देवकाबाईचं, अंगण. तिथं भैय्यालालही उभा — तोही देवकाबाईचाच, कोंड्यावरचा, त्याचंही लग्न त्याच आठवड्यात — नुसता मजा बघायला आलेला. बापानं सूप ठेवलं, "हा माहा!" असं गरजला, आणि हात ठेवला तो भैय्यालालच्या डोक्यावर. देवकाबाई म्हणाली, सुटला. अंगणभर हशा. बापही हसला, कुणाला हसतोय ते न कळता. मग शुद्धीवर आल्यावर म्हणाला, उद्या पुन्हा करू. उद्या भैय्यालालचा बाप आला आणि त्यानं आपल्या पोराला रीतीप्रमाणं सोडवलं. आपली मात्र वरात निघाली. मग रोवणी, मग बाप गेला, मग… उद्या जो राहिला तो राहिलाच.

"यायले कोनी सोडवलंच नाई जी," धुरपता दारात येऊन म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला त्याचा अर्थ लागत गेला, तो सुपचंदला तिच्या तोंडावर दिसला, जसं पहाटे शेत दिसू लागतं. "म्हनजे इतके दिवस मी दुसऱ्याच्या मालाले भात रांधून राहिली?" मग आणखी उजाडलं. "अन पोट्टीचं कन्यादान? जो सोताच सोताचा नाई, तो पोरीचं दान कसा करन?"

लेकीचं, शामकलाचं, लग्न अक्षय तृतीयेचं. व्याही चिचगडचे, आणि चिचगडच्या त्या घराची ख्याती अशी की देवळातला देवसुद्धा त्यांच्यासमोर नीट बसतो. संध्याकाळपर्यंत गावानं निकाल दिला: अगोदर सुपचंद सुटला पाहिजे, मग मांडव. पाद्री त्या आनंदात बाजारात गेले आणि, लोक सांगतात, असं बोलले की पहिल्यांदाच कुणी उठून गेलं नाही. फक्त शेवटी एकानं विचारलं, तुमच्या त्या गोष्टीत देवाच्या लेकानं किंमत देली, तं तो कोंडा कोनाले भेटला? पाद्री टेंगूळ चोळत म्हणाले, यावर मोठमोठे विद्वान शेकडो वर्षं भांडले आहेत. लोकांना ते फार आवडलं. विद्वानही व्याह्यांसारखे भांडतात हे ऐकून त्यांना धीर आला.

पण मी? पाळीवरून चालताना सुपचंदला वाटलं, मला कुणी विचारलं का, मला कसं वाटतंय? चार दिवसांपूर्वी मी एक मोकळा माणूस होतो, मोकळा असून मला ते ठाऊकही नव्हतं, इतका मोकळा. आता चप्पल घालतानाही वाटतं, देवकाबाईच्या पायात घालतो आहे. परवा निवडणुकीत मत दिलं — ते देवकाबाईचं दुसरं मत झालं की काय? बांधावरून चुलत्याशी भांडलो, ते कुणाच्या वतीनं भांडलो? आणि गेल्या वर्षी तर अख्खा जिल्हाच मध्यप्रदेशातून उचलून मुंबईच्या राज्यात टाकला, आम्ही निजलो होतो एका राज्यात आणि उठलो दुसऱ्यात, तेव्हा कुणी कुणाला किती कोंडा दिला हे कुणी सांगितलं नाही. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, आणि माझ्या एकट्याचंच मेलं एवढं…

मागून सायकलची घंटी वाजली. तो बाजूला झाला, आणि सुपातला आणखी एक पसा बोडीच्या चिखलात गेला.

"का गा, निघाला का सुटाले?" भैय्यालाल. सायकलीवरून एक पाय टेकवून, दात काढून. गावातल्या प्रत्येक भांडणात पहिला आणि प्रत्येक कामात शेवटचा.

"जा न बाप्पा तू आपल्या वाटेनं."

"नाई, मी म्हनतो, एवढा तरास कायले घेतं? मले दोनदा सोडवलं. एक तुह्या बापाचं, एक माह्या बापाचं. त्यातलं एक तुले देतो, घेऊन जा."

"असं देता येते का?"

"काऊन नाई? मले एकाचाच उपेग नाई होऊन राहिला, दुसऱ्याचं का लोनचं घालू?" भैय्यालालनं सायकल ढकलली. "दोनदा सुटलो, सुपचंद. काई फरक पडला नाई. सांगून ठेवतो." आणि तो गेला, पाळीवरून हेलकावे खात, एकदा तर पाण्यात जाता जाता वाचला, आणि त्याची पाठ बघताना सुपचंदला वाटलं, माझ्या बापाचा कोंडा चाललाय तो. इतके दिवस तोच माझ्या बापाचा कोंडा घेऊन गावभर हिंडतोय. आश्चर्य म्हणजे त्याला राग आला नाही. उलट आत कुठंतरी गुदगुली झाली, आणि ती दाबायला म्हणून तो भराभर चालू लागला.

देवकाबाईचं घर टोलीच्या, गावाबाहेरच्या वस्तीच्या, टोकाला. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, खुंट्याला एक शेळी, आणि भिंतीला टेकून देवकाबाई — इतकी म्हातारी की ऊनसुद्धा तिच्या अंगावर जपून पडलं होतं. तिच्या डोळ्यांवर ढग आलेले.

"कोन व्हय?"

"मी हाय, माय. सुपचंद."

"कोनता सुपचंद?"

आणि त्याच्या तोंडून निघून गेलं — "तुहा."

ती हसली. दात नव्हते, त्यामुळे हसू कुठंही न अडता बाहेर आलं. तिनं हात पुढे केला, त्याचा चेहरा चाचपला, कान धरला, बैल घेताना चाचपतात तसा, आणि मान हलवली. माल तोच होता.

"सूप आनला का? आन." तिनं चिमूटभर कोंडा तोंडात टाकला, चघळला, आणि बाजूला थुंकला. "मिलचा हाय."

"आता सारा मिलचाच…"

"मीनं तुले ढेकीच्या कोंड्यावर घेतलं. कांडून काढलेला, पिवरा, गोड. त्यात तांदराची कनी होती. अन तू मले हा भुसा देऊन राहिला? मिलवाल्याले सोडवून घे याच्यात."

"माय, लगन तोंडावर आलं. पोट्टीचं कन्यादान अडलं हाय."

"बाकी सारे सोडवून नेले गा," देवकाबाई म्हणाली, जणू त्याचं बोलणं ऐकलंच नव्हतं. "एक एक करून. लगनाले बोलावलं, लुगडं देलं. मंग कोनी डोकावलं नाई. कायले डोकावन? सुटले न. तू राहिला."

"बा चुकला न त्या दिवशी. प्यालेला होता."

"तुहा बा प्यालेला होता. मी नोती." तिनं ढगाळ डोळे त्याच्याकडं वळवले. "तवा डोरे होते मले. चांगले होते."

शेळीनं मान वर केली. सुपचंद पुढे सरकला.

"तुले दिसलं? भैय्यालालच्या डोक्श्यावर हात ठेवला ते? अन तू सुटला म्हनलीस?"

"म्हनली."

"काऊन?"

"काऊन म्हनजे?" देवकाबाईला हा प्रश्नच अडाणी वाटला. "तुही माय म्हने, एक पसा दे. साऱ्याइचा भाव एक पसाच होता. मीनं तुले सुपात पाह्यलं. काराकुट्ट, मुठी आवरून, साऱ्या जगावर रागावलेला. मीनं दोन पसे देले. तुही माय नाई नाई म्हने, जास्ती होते. मी म्हटलं, होऊ दे. आता महाग घेतलेली चीज कोनी प्यालेल्या मानसाले देते का?"

दोन पसे.

सुपचंद खाली बसला. दोन पसे… त्याला आठवायचं म्हटलं तर आयुष्यात त्याच्या बाबतीत सगळं घासाघीस करूनच झालं होतं. लग्नात सासऱ्यानं त्याला आडवं-उभं न्याहाळून कमीच धरलं होतं, शाळेत मास्तरांनी, धान घेताना दलालानं, आणि धुरपता तर रोज सकाळी थोडं थोडं कमी करत आली होती. आणि इकडे या अंगणात, त्याला नाव नसताना, त्यानं काहीही केलेलं नसताना, काळाकुट्ट आणि रागावलेला असताना, एका बाईनं न मागता दुप्पट भाव दिला होता. हे इतकी वर्षं खरं होतं. तो झोपलेला असतानाही खरं होतं. तो स्वतःला फालतू समजत शेताच्या बांधावर बसे तेव्हाही, पलीकडच्या टोलीत, ते खरं होतं.

मग त्याचं लक्ष गेलं.

"माय — शेळी!"

शेळीनं दावं केव्हा सोडवून घेतलं कुणाला माहीत. ती सुपात तोंड घालून उभी होती, आणि शेपटीच्या हालचालीवरून दिसत होतं की मिलचा आणि ढेकीचा असला भेद ती मानत नव्हती. सुपचंद धावला, शेळी सूप शिंगात अडकवून मोहफुलांवरून पळाली, सुपचंद मोहफुलांवरून घसरला, शेळी त्याच्या पाठीवर पाय देऊन परत फिरली, आणि शेवटी सूप हातात आलं तेव्हा त्याच्या तळाशी कोंड्याच्या जागी थोडी ओल होती.

"खाल्ला?" देवकाबाईनं विचारलं.

"सारा."

"मीनं घेतला होता का हातात?"

"नाई."

"सुटला म्हटलं होतं का?"

"नाई, माय."

देवकाबाई विचारात पडली. असा कज्जा कधी तिच्यापुढं आला नव्हता. "किंमत तं गेली," ती हळूहळू म्हणाली, "पन मले नाई भेटली. शेळीनं घेतली. शेळीले काई सुटला म्हनता येत नाई." तिनं बोटानं हवेत काहीतरी आखून पाहिलं. "मंग आता तू अर्धा माहा अन अर्धा शेळीचा."

आणि ती हसायला लागली, सगळ्या अंगानं, भिंतीला टेकलेली पाठ हलवत. सुपचंद पाठीवर शेळीचे खूर आणि धोतराला चिकटलेली फुलं घेऊन उभा होता, त्याला रागवायचं होतं, त्यानं तोंडही तसं केलं, पण आतून जे वर आलं ते दुसरंच होतं, आणि ते दोघं हसत राहिले, इतके की शेजारची बाई कुणी गेलं की काय म्हणून बघायला आली.

"मंग कन्यादानाचं?" हसू ओसरल्यावर त्यानं विचारलं.

"ढेकीचा कोंडा आन. मंग पाहू." देवकाबाईनं डोळे पुसले. "नाई जमलं तं त्यात का हाय? तू माहा, तं पोट्टी बी माहीच. मांडवात मी बसीन. मी करीन कन्यादान."

तो परत निघाला. रिकामं सूप काखेत. ढेकी आता गावात एकच उरली होती, तीही कोंबड्या बसायला. तिच्यावर धान कांडायचं म्हणजे धुरपता आणि शामकला दोघींनी दिवसभर पाय मारायचे, आणि करायला लागलंच तर उद्यासुद्धा होण्यासारखं होतं. उद्या. हा शब्द बापाच्या तोंडचा आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि पहिल्यांदाच त्याला बापाबद्दल प्रेम वाटलं. घाई काय आहे? अक्षय तृतीया अजून लांब आहे… किंमत देऊन सुटलो नाही, आणि न देता पळालोही नाही. पाद्र्याच्या दोन मुठींत हे कुठंच बसत नव्हतं, आणि तरी अंगातून कसलंतरी ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, ते का हे त्याला कळेना. सुटल्यावर असं वाटतं म्हणतात. पण मी तर आताच कुठं, पक्का, कुणाचातरी झालो. असं दोन्ही बाजूंनी एकच वाटतं का? की भैय्यालाल म्हणतो तसं, काही फरक पडत नाही, आणि हा फरक आहे तो दुसराच कसला तरी —

आणि मग त्याला मांडव दिसला. चिचगडचे व्याही, फेटे बांधलेले, ताठ, भटजी, शामकला खाली मान घालून, आणि तिच्या बाजूला, त्याच्या स्वतःच्या पाटावर, विधवा, बिनदाताची, सगळ्या गावाची दाई देवकाबाई, पोरीचा हात हातात घेऊन, घेताना चाचपून बघणारी. व्याह्यांच्या मिशा. ते उठतील. वरात परत नेतील. हे घडता कामा नये, हे तो स्वतःला निक्षून सांगत होता, पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे, हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही — आणि सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात त्या पाटावरची जागा पुसून, त्यावर तिच्यासाठी जाडसर घोंगडी अंथरतो आहोत.

घर जवळ आलं. धुरपता दारात उभी असणार, कमरेवर हात ठेवून, आणि विचारणार, सुटले का? हो म्हटलं तर खोटं होतं, नाही म्हटलं तर तेही पुरतं खरं नव्हतं, आणि शेळीचं कुठून सांगायला सुरुवात करायची… त्यानं चेहरा गंभीर करून पाहिला. जमेना. एवढंच त्याला कळलं की ती विचारील, आणि तिनं विचारलं की आपल्याला हसू येणार, आणि ते काही केल्या आवरणार नाही.